धबधब्याचा खुलासा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
रविवार, महाशिवरात्र, १० मार्च २०१३

तीर्थस्वरूप दादांस, धाकट्या चतुराचा इथूनच वाकून नमस्कार.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे उभे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? भामावहिनीचा खोकला गेला का, का अजून त्या बाजारातल्या पुड्याच चालू आहेत? बैलं चाऱ्याच्या छावणीत नीट खातात ना? तुमच्या तिकडं टँकर दोन दिवसाआड येतो असं कळलं. आमच्याकडं नळ चार दिवसाआड येतो अन् आला तरी आधी अर्धा घंटा नुसता खोकतो. आज उपास आहे, भाकरी थापायच्या नाहीत, तुमचे दाजी वाळूजला पहिल्या पाळीला गेलेत (कंपनीला शंकर-बिंकर कळत नाय), म्हणून जरा फुरसत मिळाली.

तुम्ही फोन उचलत नाही. तीन आठवडे झाले. वहिनी उचलती अन् म्हणती, ते रानात गेलेत. दादा, यंदा रानात काय आहे ते मलाही माहीत आहे. म्हणून पत्र लिहायला बसले. फोन वाजून वाजून गप होतो, पत्र उंबऱ्यात पडून राहतं, तुम्हाला कधी ना कधी त्याच्यावरून पाय टाकावाच लागंल. (आता एवढं तुम्ही-तुम्ही पुरे. पत्राच्या डोक्यावर मान द्यायचा असतो म्हणून दिला. इथून पुढं तू.)

तर दादा, तू त्या दिवशी शाळेत येऊन ज्या बाईला अद्वातद्वा बोलून गेलास, ती कोण आहे ते आधी ऐकून घे. नाव मृण्मयी मॅडम. (हे नाव लिहायला मला चार बाऱ्या तुझ्या श्रेयाची वही बघावी लागली.) पुस्तकी घरातली, आजोबा कचेरीत कारकून, बाप वकील, हात असे की घागर दिली तर घागरीनंच त्यांना उचलून न्यावं. गेल्या जूनमध्ये नववीला मराठी शिकवायला आल्या तवा मी बाकीच्या शिपायांना सांगितलं होतं, ही बाई दसरा बघत नाय. मी त्या शाळेत अकरा वर्षं घंटा वाजवते, पाणी भरते, नोटीस फिरवते. चौथीपर्यंत शिकलेली असले तरी माणूस पारखायला मला फळा लागत नाय. पण ह्या बाईच्या बाबतीत मी साफ चुकले, अन् मी चुकले असं मी लिहून देते आहे, हे तू जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाय.

आधी पोरं कशी लिहायची ते सांगते. प्रत्येकाकडं एक गाईड. निबंध गाईडातून, पत्र गाईडातून, कवितेत काय आवडलं तेही गाईडातून. मॅडमनी पहिल्या आठवड्यात आवडत्या प्राण्यावर लिहायला सांगितलं तर सेहेचाळीस पोरांच्या सेहेचाळीस गायी निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गरीब, सगळ्यांच्या डोळ्यांत माया. ह्यातल्या निम्म्या पोरांनी गाय बघितली ती चौकात, प्लास्टिक खाताना. मॅडमनी सगळी गाईडं गोळा केली, कपाटात कोंडली अन् किल्ली दिली माझ्याकडं. पालक भांडायला आले. मी किल्ली कमरेला खोचून दारात उभी राहिले. पालक गेले.

मग जुलैत एक गोष्ट झाली. पाऊस नव्हताच, तुला सांगायला नको. मी नोटीस घेऊन नववीत गेले तर शिवराज नावाचा एक लंबू पोरगा उभा राहून वाचत होता, पावसाळ्यातला दिवस. काळे ढग काय, मोर काय, ओढे दुथडी काय. बाहेर शाळेचा टँकर आलेला, ड्रायव्हर हॉर्नवर बसलेला, अन् हा मोर नाचवतोय. माझ्या तोंडून गेलं, "आटप की रे! कुठं पडला हा पाऊस? मला सांग, घागर घेऊन जाते." सगळा वर्ग हसला. मला वाटलं आता मॅडम माझी तकरार करणार. तर त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बसा. पाणी भरून झालं की या अन् इथं बसा. मला तुम्हीच पाहिजे होता."

तेव्हापासून दर शुक्रवारी एक तास मी नववीच्या मागच्या बाकावर बसते. कायदा असा, की पोरानं लिहिलेलं मोठ्यानं मला वाचून दाखवायचं. मॅडमला नाय, मला. मला जिथं कंटाळा येईल तिथं मी हात वर करायचा. हात वर झाला की पोरानं थांबायचं, तिथं पेन्सिलीनं खूण करायची, अन् घरून ते परत लिहून आणायचं. कंटाळा का आला ते सांगायची मला सक्ती नाय. दादा, तुला माहीतच आहे मला किती लवकर कंटाळा येतो. लग्नात भटजीला मी "पुढचं घ्या" म्हणाले होते ते तू अजून काढतोस. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून मी बोलणी खाल्ली, त्या गोष्टीला ह्या बाईनं शाळेत कामाला लावलं. पहिल्या महिन्यात माझा हात खाली यायलाच तयार नव्हता, खांदा दुखून तेल लावावं लागलं. पोरं मला टँकरपेक्षा जास्त भ्यायला लागली.

अन् मग हळूहळू काय झालं की, ती पोरं खरं लिहायला लागली. त्याच शिवराजनं ऑगस्टात वाचलं. त्याची आजी पहाटे टँकरच्या रांगेत घागर ठेवती अन् घागरीत हात घालून तिथंच बसल्या बसल्या झोपती, कारण घागर कुणी सरकवली तर हाताला कळतं. टँकर आला की आजीच्या आधी तिचा हात जागा होतो. बस, एवढंच होतं. मी हात वर करायचा विसरले. नुसता हात नाय, घंटाही विसरले. सगळी शाळा सात मिनिटं वर्गात बसून राहिली, कारण घंटा वाजवणारी बाई नववीच्या मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. मोठे सर, म्हणजे वैजनाथ सर, धावत आले. मॅडम म्हणाल्या, चूक माझी. (ही त्यांची सवय बघून ठेव, पुढं लागणार आहे.)

वैजनाथ सर माणूस वाईट नाय, पण त्यांना निकाल सोडून काय दिसत नाय. शिपाईबाई वर्गात बसून मार्क देती, हे त्यांना पटंना. मॅडमनी वाद घातला नाय. सव्वीस जानेवारीचं भाषण सर माझ्यासमोर वाचून बघत होते, मी आपली खुर्च्या पुसत होते. दुसऱ्याच वाक्याला माझा हात आपोआप वर गेला. सवय! सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण झेंड्याच्या दिवशी ते भाषण निम्मं झालं होतं, अन् उन्हात उभ्या पोरांनी पहिल्यांदा मनापासून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून शुक्रवारच्या तासाचं नाव कुणी काढत नाय.

अन् शिकवतात कशा? धडा वाचतात मोठ्यानं, सावकाश, जसं आपण बारक्याला भरवतो तसं, अन् मग गप बसतात. अर्थ सांगतच नाहीत! मला आधी राग यायचा, की बाई, अर्थ तुम्ही नाय सांगायचा तर काय मी सांगायचा? तर व्हय, तसंच. एका धड्यात एक बाई घर सोडून ट्रंक घेऊन बसस्टँडवर येती अन् तिथंच धडा संपतो. मॅडमनी विचारलं, ती बसमध्ये बसली असंल का? वर्गात मारामारी व्हायची बाकी राहिली. मी घरी येऊन दाजींना सांगितलं तर ते म्हणाले परत गेली असंल, अन् मी म्हणाले बसली, अन् आमच्या त्या ट्रंकवाल्या बाईपायी त्या दिवशी भाजी करपली. सांग मला, गाईडात असं कधी झालंय?

आपली श्रेया तर अशी बदलली की काय सांगू. तू जूनमध्ये तिला माझ्याकडं आणून सोडलीस तवा ती कशी होती? भिंतीपेक्षा तीच जास्त भिंत. तिला काय विचारलं तर मान हलवायची, व्हय म्हणती का नाय म्हणती तेही कळायचं नाय. ती पोरगी आता रस्त्यानं चालताना थांबून बघती, अन् घरी येऊन लिहिती. जालना रोडला नव्या फ्लॅटांच्या पाट्या लागल्यात ना, पोहायचे निळे तलाव काढलेल्या, तिनं लिहिलं की पाटीखाली टँकर उभा होता अन् पाटीवरची बाई तलावात पाय सोडून टँकरकडं बघत होती. माझा हात मांडीवरच राहिला. भाचीवर माया म्हणून नाय, मी माया कुणालाच दाखवत नाय.

आता त्या पत्राकडं येते. (येते म्हणजे यावंच लागंल, किती लांबवणार.) जानेवारीत मॅडमनी सांगितलं की खरं पत्र लिहायचं. खऱ्या माणसाला, खऱ्या पत्त्यावर, तिकीट लावून. अन् त्याच्यात एक तरी अशी गोष्ट लिहायची जी त्या माणसाच्या तोंडावर आपल्याला कधी बोलता आली नाय. फोन चालणार नाय, कारण फोनवर माणसं काय बोलतात? जेवलात का, लाइट आहे का, ठेवू का. पत्र मॅडम वाचणार नव्हत्या, चिकटवूनच द्यायचं. उत्तर पोस्टानं आलं पाहिजे, अन् ज्याला वाटलं त्यानं ते वर्गात वाचायचं. सेहेचाळीस पाकिटं माझ्या पिशवीत घालून मला पोस्टात पाठवलं. पंचेचाळीस उत्तरं आली. शिवराजच्या आजीनं तर लिहिता येत नाय म्हणून कागदावर हाताचा पंजा उमटवून पाठवला. सेहेचाळिसावं उत्तर काय आलं, ते आपल्या दोघांना माहीत आहे. तू आलास.

दादा, राग नको धरू, पण तो देखावा मी मरेपर्यंत विसरणार नाय. टेम्पोत सहा ड्रम, दोन तुझे अन् चार गावातल्यांचे, दोनशे फूट पाइप, अन् तू पुढं उभा राहून गल्लीत विचारतोयस, "धबधबा कुणीकडं आहे?" अख्खी गल्ली नळाची वाट बघत बाहेर बसलेली. वरच्या मजल्यावरची बाई हसली ती अजून हसतीय. मी बाहेर आले, तू पत्र काढलंस अन् वाचून दाखवलंस: येथे यंदा पर्जन्यमान उत्तम असून सर्वत्र हिरवेगार आहे, आम्ही मैत्रिणी काल धबधबा पाहण्यास गेलो होतो, तुषार अंगावर घेताना फार मौज वाटली. गावात चार माणसांपुढं तू ते वाचलं होतंस, पोरीचं पत्र आलं म्हणून. त्यांनीच ड्रम दिले. रस्त्यानं त्या निळ्या तलावांच्या पाट्या बघून तर तुला खात्रीच वाटली असंल.

तिथून तू शाळेत गेलास. ड्रम मोकळे, पाइप गळ्यात, डोळे लाल. मी मागून तांब्या घेऊन. तू म्हणालास, "माझ्या हिरीच्या तळाला भेगा पडल्यात अन् तुम्ही माझ्या पोरीला धबधबे लिहायला शिकवता? खोटं बोलायला शिकवता व्हय शाळेत?" अन् खाली सही अ. ब. क. अशी होती, तर तू विचारलंस हा अ. ब. क. कोण, कुठल्या गावचा, त्याच्या बापाचं नाव काय. (दादा, तो प्रत्येक परीक्षेच्या पेपरात असतो. त्याला कुणी बघितलेलं नाय. त्याच्यावर संशय घेऊ नको.) श्रेया म्हणाली, "बाबा, हे मी पाठवलं नाय." तू म्हणालास, अक्षर तुझंच आहे. अक्षर तिचंच होतं. ती पुन्हा भिंत झाली.

मॅडमनी तो कागद हातात घेतला. दोन ओळी वाचल्या अन् वर बघितलं. श्रेयाकडं नाय, तुझ्याकडं नाय. दारात मी तांब्या घेऊन उभी होते, माझ्याकडं. मग कागदाची घडी घालून तुला परत दिली अन् म्हणाल्या, चूक माझी, पत्र कसं लिहावं ते शिकवायला मी कमी पडले. वैजनाथ सरांपुढं म्हणाल्या. वीस वर्षांनी लहान बाई तुझ्यापेक्षा. तू म्हणालास, परीक्षा झाली की पोरगी घरी, दहावी-बिहावी काय नाय. मी तांब्या पुढं केला, तू पाणीही घेतलं नाहीस. निघून गेलास.

तेव्हापासून शुक्रवारी श्रेया कोरा कागद घेऊन उभी राहती. वाचायला काही नाय, म्हणून मला हातही वर करता येत नाय. मॅडम तिला रागावत नाहीत, म्हणतात पुढच्या शुक्रवारी. मला सांग, कोऱ्या कागदावर काय खूण करायची?

असो. वहिनीला नमस्कार, बैलांना हात फिरव. बाकी सगळं ठीक.

तुझी धाकटी,
चतुरा

ता. क. वहिनीला सांग, कुरडया यंदा माझ्यासाठी करू नको, पाणी लई लागतं.

ता. क. दुसरा. आज उपास आहे, उपासाला खोटं चालत नाय, अन् वर जे लिहिलं त्यात एक जागा मी वळसा घालून गेले, ती तुझ्या ध्यानात आली असंल. ते पत्र मी घातलं पाकिटात. श्रेयाचं खरं पत्र मी चहाच्या वाफेवर उघडलं. पोस्टात जायच्या आधी घरी आले होते. मला वाटलं पोरीनं बापाला नीट मानानं लिहिलं का ते बघावं. तर पत्राला डोकंच नव्हतं, ना तीर्थरूप, ना साष्टांग. एकदम सुरू: बाबा, दिवाळीच्या आधी तुम्ही आलात तेव्हा आत्यानं पाणी देऊ का विचारलं अन् तुम्ही तहान नाय म्हणालात. घरात एकच घागर होती ते तुम्हाला दिसलं होतं. मग मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आले, तुम्ही मला परत पाठवलं, पण मी वळून बघितलं. पाणपोईवर तुम्ही ओंजळीवर ओंजळ पीत होता. मी आत्याला सांगितलं नाय, तिला वाईट वाटलं असतं.

मी सावकाश वाचते दादा, म्हणून मला लाजही सावकाश अन् लई वेळ वाटली. माझा भाऊ माझ्या घरून तहानलेला गेला, हे पोस्टानं माझ्या माहेरी जाणार, वहिनी ते वाचणार! मी पत्र पदराखाली घातलं अन् श्रेयाच्या जुन्या वहीतलं एक पान फाडलं, गाईडं कोंडायच्या आधी तिनं गाईडातून उतरवून घेतलेलं. ते काय होतं ते मी नीट वाचलंसुद्धा नाय, वरचं तीर्थरूप बघितलं अन् बरं वाटलं. वर्षभर पोरांच्या असल्या पानांवर हात वर करणारी मी, अन् माझ्या सख्ख्या भावाला मी तेच पान पाठवलं. मॅडमनी दोन ओळींत ओळखलं. माझं नाव घेतलं नाय, त्या दिवशीही नाय अन् नंतरही नाय. मी आज सकाळी श्रेयाला सांगितलं. ती म्हणाली, आत्या, आता हे तूच लिही. म्हणून हे पत्र आहे. उपासाची फुरसत वगैरे वर लिहिलं ते असंच.

ता. क. तिसरा. श्रेयाचं खरं पत्र सोबत घातलं आहे. घडीवर वाफेचा डाग आहे तो माझा. त्याच्याबरोबर तिकीट लावलेलं मोकळं पाकीट आहे, त्यावर शाळेचा पत्ता मी माझ्या हातानं लिहिला. तिला उत्तर लिही. दोन ओळी चालतील, पंजा उमटवलास तरी चालंल, पण पोस्टानं. अन् तिची दहावी इथंच होऊ दे. तिला नेऊ नकोस. शिक्षा करायची तर मला कर, मी तिच्याहून मोठी आहे अन् चूक माझी आहे. (हे वाक्य मी मॅडमकडून शिकले. म्हणायला वाटतं त्याहून जड आहे.) मॅडमला काय लिहायचं ते तुझं तू ठरव, पण चुकीच्या माणसाला ओरडलास एवढं तरी लिही.

ता. क. चौथा अन् शेवटचा. हे पत्र मी आत्ता एकदा मोठ्यानं वाचून बघितलं. सहा ठिकाणी माझाच हात वर गेला, ती तू पळत वाच. श्रेयाच्या पत्राला गेला नाय. अन् पुढच्या बारीला येशील तवा ड्रम नको आणू. मी तुझ्यासाठी तांब्या भरून वेगळा ठेवलाय, वर ताट झाकून, त्याला घरात कुणी हात लावत नाय. तो पिऊन झाल्यावरच काय भांडायचं ते भांड.